इंदूचा नखमोर

९ डिसेंबर
इंदूचे दिवस होऊन आठवडा झाला. पाहुणे पांगले. आता छावणीतल्या या घरात मी आणि ते जनावर. दोघंही एकमेकांकडे बघत नाही. लग्नापासूनचा सराव आहे.

तिचा भाऊ म्हसू सकाळी निघाला. मेंढरं गोदाकाठी, गंगथडीला न्यायची, त्याला थांबणं शक्य नव्हतं. उंबऱ्यातच सांगून टाकलं, ‘तुमचा नखमोर घेऊन जा. माझ्यानं व्हायचं नाही.’ मूलबाळ नसलेली बाई गेली की आंदण माहेरी परत, ही त्यांचीच रीत. तो म्हणाला, ‘आता वाटंनं कुत्र्यांत कसं नेऊ दाजी? व्हळीच्या आधी येतो. तवर संभाळा.’

शब्द दिला. होळीपर्यंत.

दोनच खोल्या आहेत, पण घर फार मोठं झालंय.

१० डिसेंबर
खानावळीचा डबा सुरू केला. डबेवाला फाटकातच थबकला. दारात न. (नखमोर) बसलेलं. कमरेइतकं उंच, काजळी रंगाची पिसं, चोचीच्या जागी दातांचं तोंड, पंखांच्या टोकाला नख्या, मागं ताठ लांब शेपूट. ‘सायेब, ह्यो मोर हाय का घोरपड?’ म्हटलं, ‘ते त्यालाही ठाऊक नाही. या आत, चावत नाही.’ हे निम्मं खोटं. माझ्या अंगठ्यावर लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची खूण आहे. डबा फाटकाला अडकवून तो चालता झाला.

ओट्यापाशी उभ्यानंच जेवलो. एकट्यासाठी ताट कशाला खरकटं करायचं.

न.ला स्वच्छ वाटीत दूधभाकरी ठेवली. हुंगलं, तोंड फिरवलं.

१२ डिसेंबर
वाटी तशीच. उकडलेलं अंडं दिलं, तसंच. खिमा आणून दिला, तो मांजरानं नेला. दिवसभर दारात फाटकाकडं तोंड करून बसतं. ती बाजारातून यायची तेव्हा असंच बसायचं.

तिला यायला उशीर झालाय असं त्याला वाटत असावं. मलाही संध्याकाळी सहाच्या सुमाराला असंच वाटतं, पण मी माणूस असल्यानं कुणाला सांगत नाही.

१५ डिसेंबर
जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन गेले. भला माणूस. नखांना न घाबरता जबडा उघडून पाहिला. घशात काही नाही, पोटात काही नाही. ‘दुःख केलंय त्यानं. जबरदस्ती करू नका.’

मी म्हटलं, दुःख मीही केलंय, मी जेवतोच ना.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग ओट्यावरच्या उघड्या डब्याकडं. त्यांचा जरा रागच आला.

१६ डिसेंबर
पिसं गळायला लागलीत. झाडताना केरात दिसतात. ती मला वेगळी काढून ठेवावीशी का वाटतात, कळत नाही. ठेवली.

शेजारचे रहीमभाई बेकरीवाले कुंपणापाशी आले. ‘साब, उने कुछ खाया क्या नै?’ नाही म्हटलं. ‘और तुमे?’ हो म्हटलं. त्यांनी खारीची पुडी हातात ठेवली आणि माझं उत्तर ऐकलंच नाही असं दाखवून गेले.

१७ डिसेंबर
आज काही सुचेना म्हणून जुनं आठवत बसलो.

पाटबंधारे खात्यात मी नकाशे काढायचो. सर्वेचे तंबू खुलताबादच्या डोंगरात पडले होते, तिथं इंदू मेंढरं घेऊन यायची. माझ्या मोजणीच्या खुंट्या तिच्या मेंढरांनी उपटल्या, त्यावरून भांडण. त्याच भांडणाचं पुढं लग्न झालं. माझ्या घरच्यांनी, गावचे जमीनदार ते, पाठ फिरवली. आई तिच्या हातचं पाणी प्यायली नाही ती नाहीच.

सासरे मात्र आले. डालग्यात कोंबडीएवढं पिल्लू. म्हणाले, ‘पोरगी शहरात एकटी पडायची नाय आता.’ मी बाजूलाच उभा होतो. म्हणजे माझी गणती नव्हती! इंदूनं त्याचं नाव ठेवलं बुवा, कारण ते पिसं आवळून कीर्तनाला बसल्यासारखं बसायचं. मी कधी त्याला नावानं हाक मारली नाही. तेही माझ्या अंगावरून शेपूट हलवत जायचं आणि शाईच्या बाटल्या लवंडायचं.

इंदू जेवायची माझ्यामागून, माझ्याच उष्ट्या ताटात. सुरुवातीला वाद घातला. बाई, घरात ताटं आहेत. ऐकलं नाही. माझं ताट नेहमी लख्ख, शीतही शिल्लक नसायचं. तशीच शिस्त होती आमच्या घरी. तिचं मात्र उठताना चतकोर भाकरी राहिलेलीच. कित्येकदा बोललो, अन्न टाकू नये.

‘टाकत नाय. ठेवते.’

एवढंच म्हणायची. मला वाटायचं, हट्टी आहे.

२० डिसेंबर
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

पहिल्या मासिकाला म्हसूची बायको, गोदावहिनी, आली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती खुलताबादलाच थांबलीय. आल्या आल्या डबा बघून नाक मुरडलं, चूल नाही म्हणून शेगडीवर राग काढला, भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली. वर लसणाचं तेल, इंदू करायची तसं. मग पाट मांडला, पितळी ताट काढलं. ते ताट मीच फडताळात वर टाकलं होतं.

‘बसा.’

म्हटलं, ओट्यापाशीच जेवतो, सवय झालीय.

‘उभ्यानं जेवायला तुमी काय घोडा हाव का दाजी?’

बसलो. पहिला घास गेला, दुसरा गेला. भाजीची चव तीच होती. पाऊण भाकरी संपली आणि पुढं हात जाईना. ताटात चतकोर भाकरी आणि भाजीचं बोटभर उरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ताटात टाकून उठलो. हात धुवायला मागं गेलो आणि नळ उघडायच्या आधी फरशीवर नखांचा आवाज आला. टक, टक, टक. पाटापर्यंत आला आणि थांबला.

वळून पाहिलं. ते माझ्या ताटातली भाकरी खात होतं. हावऱ्यासारखं नाही. एक तुकडा मोडायचा, मान वर करायची, गिळायचा.

वहिनी दारातून म्हणाली, ‘आता खाईल न्हाई तर काय. तुमचंच खातंय की इतकी वर्सं.’

मी म्हटलं, माझं?

‘कुणी खाल्ल्याबिगर नखमोर तोंड लावत नाय. डोंगरात आई आधी खाती, मग पिलापुरतं ठिवती. ताई तुमच्या ताटात जेवायच्या, आन् त्ये ताईच्या ताटात. ताट तर एकच की.’ मग माझं तोंड बघून, ‘तुमाला ठावं असंल, असं वाटलं आमाला.’

नव्हतं ठाऊक. मी त्याला धुतलेल्या वाटीत, कुणी हात न लावलेलं देत होतो. दुसऱ्याला उष्टं देऊ नये, हे आईनं शिकवलेलं. भल्या विचारानं उपाशी मारत होतो.

मागच्या अंगणात जाऊन रडलो. ती गेली त्या दिवशीही एवढा रडलो नव्हतो.

२२ डिसेंबर
डबा बंद. पाट, ताट, बैठक. भाकरीच्या कडा धरत नाहीत. आयुष्यभर रेघा सरळ ओढल्या, त्याचा इथं काही उपयोग नाही.

मी जेवत असताना तो जवळ येत नाही. उंबऱ्यात बसून घास मोजल्यासारखा बघतो. मी उठलो की येतो. चतकोर ठेवायची. कमी ठेवली तर माझ्याकडं बघत राहतो, जास्त ठेवली तर तेवढी सोडून जातो. इंदूनं माप घालून दिलेलं आहे.

मघाशी ‘तो’ लिहिलं. राहू दे.

१ जानेवारी
न जेवून चालत नाही आता. काल ताप होता, पडून राहावंसं वाटत होतं. पण मी नाही बसलो तर तो उपाशी. उठलो, भात टाकला, बसलो. चार घास खाल्ल्यावर भूक होती असं लक्षात आलं.

गळालेली पिसं वहीत ठेवली होती. नवी यायला लागलीत, पोटाखाली तांबूस.

१४ जानेवारी
संक्रांत. मागच्या वर्षी या घरात बायकांचा गलका होता. मी कंटाळून रहीमभाईंच्या बेकरीत जाऊन बसलो होतो. आज गल्लीतल्या बायका ताटं घेऊन फाटकावरून पुढं गेल्या. एकीनं आत पाहिलं, मग पदर सारखा केला. त्यांची काही चूक नाही. हळदीकुंकू कुणाला लावतील?

बुवा प्रत्येक घोळक्याला उठून उभा राहायचा. घोळका पुढं गेला की बसायचा. शेवटी मी जाऊन दार लावून घेतलं. त्याच्यासाठी लावलं असं म्हणू.

रहीमभाईंना तिळगूळ दिला. म्हणाले, ‘भाभी के हात का अलग था.’ खरं बोलणारा शेजारी असावा, पण थोडा कमी.

२३ जानेवारी
दिवस मावळताना बुवा अंगणात जाऊन हाक मारतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकावं तसा आवाज. ही हाक मी इतकी वर्षं ऐकतो आहे, पण आज लक्षात आलं की पूर्वी तिला उत्तर असायचं. इंदू स्वयंपाक करता करता तोंडानं तसाच आवाज काढायची. मला वाटायचं, शेगडी फुंकतेय.

आज तो हाक मारून थांबला. मान तिरकी करून ऐकत राहिला. काहीच नाही. पुन्हा मारली.

मी आत उभा राहून प्रयत्न केला. खोकल्यासारखं काहीतरी निघालं. बुवा आत आला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि परत गेला. अपमान झाला. तरी हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

५ फेब्रुवारी
बेकरीच्या जळणात नाग निघाला. रहीमभाईंचा निरोप, ‘बुवा कू भेजो.’ बुवा गेला, काम केलं, आला. पूर्वी असं काही मारलं की तो इंदूच्या उशाशी आणून ठेवायचा, आणि मी आरडाओरडा करायचो. आज दुपारी उठलो तर माझ्या उशाशी एक उंदीर.

आरडाओरडा केला नाही. ‘बरं झालं, बुवा,’ म्हटलं. पहिल्यांदाच नावानं बोललो.

९ फेब्रुवारी
इंदू एकदा म्हणाली होती, बुवाचं चित्र काढा की. मी म्हटलं होतं, मी धरणं काढतो.

आज ड्रॉइंग बोर्ड काढला. बाजूनं काढला, मापात. मानेची वळणं जमायला सकाळ गेली. शेपटीचा पंखा कागदाबाहेर गेला, तो तसाच ठेवला. खाली नाव लिहिताना अडलो. ‘इं. चा बुवा’ लिहिलं. तिला दाखवायला उठलो आणि मधल्या दारात पोचल्यावर आठवलं.

१८ फेब्रुवारी
खुलताबादला जाऊन आलो. गोदावहिनीच्या नातवाला बघायला. क्रांती चौकात रिक्षा मिळेना, बस चुकता चुकता मिळाली. बुवाकडं रहीमभाईंना बसवून गेलो, म्हणजे जेवायला बसवून.

सांजच्याला वहिनीच्या अंगणात चहा घेत होतो. डोंगराकडून हाक आली. तीच. बाटलीच्या तोंडाची. तिला दुसऱ्या टेकाडावरून उत्तर आलं.

‘दोन माद्या राह्यल्यात,’ वहिनी म्हणाली. ‘नर न्हाई. रोज वरडतेत.’

चहा निवला. त्याच वेळेला माझ्या अंगणात बुवा हाक मारून मान तिरकी करून उभा असणार. मधे एवढा डोंगर. त्याला ऐकू येत नाही आणि त्यांनाही.

तिला विचारलं, म्हसू त्याला नेणार कसा? ओढून?

‘वढून न्हेलेला जगत नाय. दोगांनी शेजारी बसून जेवायचं, दोगांनी चतकोर ठिवायची, आन् पाठ फिरवून बसायचं. बघितलं तर त्ये नजर बघून जातं, मनानं न्हाई. ज्याचं खाईल त्याच्यामागं जाईल. तुमच्या लग्नात असंच केलं व्हतं, मामाजींचं एक ताट, ताईचं एक. तुमी तवा फेटा सोडून झोपला व्हता.’

असेन झोपलेला.

२५ फेब्रुवारी
डोकं ठिकाणावर नाही. मीच म्हटलं होतं, घेऊन जा. शब्द माझा. आमच्या घराण्यानं मला दुसरं काही दिलं नाही, शब्द पाळायची खोड तेवढी दिली.

पण आता तो गेला तर मी कुणासाठी बसून जेवणार? हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मला भीती वाटते. मी पुन्हा ओट्यापाशी उभा राहीन, मग एखाद्या दिवशी तेही नाही.

१ मार्च
सोपं आहे. त्या दिवशी माझ्या ताटात मटणाचा रस्सा ठेवला, तर म्हसूच्या कोरड्या भाकरीकडं तो बघणारही नाही.

उलटंही सोपं आहे. मी ताट जुन्या सवयीनं लख्ख पुसून उठलो, तर त्याला जावंच लागेल. डोंगरात जाईल. हाकेला उत्तर मिळेल. मला त्याचं भलं केल्याचं समाधान, आणि रिकामं घर.

दोन्हीतलं कुठलंही केलं तरी ठरवणार मीच, त्याच्या वतीनं. एकदा ठरवलं होतं, स्वच्छ वाटीत. तो जवळजवळ मेला होता.

संध्याकाळी हाक मारली त्यानं. मी उत्तर दिलं. आता बरं जमतं. फसत नाही तो, पण थांबतो थोडा.

६ मार्च
रहीमभाईंच्या फोनवर म्हसूचा निरोप. परवा येतो, टेंपो बघितलाय.

बुवाच्या पायाची नखं वाढलीत. इंदू कानशीनं घासायची, मी लांबून सूचना द्यायचो. आज मी घासली. पाय माझ्या मांडीवर ठेवून तो गुमान बसला. पाय गरम असतो. माहीत नव्हतं.

८ मार्च, दुपार
म्हसू सकाळी आला. उन्हानं रापलाय, वाळलाय. बुवानं त्याला ओळखलं, त्याच्या घोंगडीत तोंड खुपसून उभा राहिला. मेंढरांचा वास, डोंगराचा वास. मी पाणी आणायला आत गेलो आणि आतच थोडा वेळ थांबलो.

म्हसू म्हणाला, ‘दाजी, तुमी काय वाळला न्हाय. बरं दिसता. मला वाटलं व्हतं...’

स्वयंपाक मी केला. ज्वारीच्या भाकरी, अंबाडी, वर लसणाचं तेल. दोघांना सारखंच वाढलं. रस्सा केला नाही. शेजारी पाट मांडले. जेवताना तो गंगथडीचं बोलला, पाण्याचं, एका मेंढीला झालेल्या जुळ्यांचं. मी हं हं म्हणत होतो. बुवा उंबऱ्यात बसून घास मोजत होता, एकदा त्याचे, एकदा माझे.

शेवटची चतकोर हातात घेतली. ही खाल्ली की सुटलो, असंही मनात आलं. तिला बघितलं थोडा वेळ. मग ताटात ठेवली. नेहमीएवढीच. कमी नाही, जास्त नाही. टाकली नाही.

म्हसूनंही ठेवली. मग बोटानं ती जरा उंबऱ्याच्या बाजूला सरकवली. बहिणीची एवढीच वस्तू उरलीय त्यालाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आता दोघं भिंतीकडं तोंड करून बसलोय. तो गुडघ्याला मिठी मारून, मी मांडीवर वही घेऊन. हात मोकळा राहिला तर मान वळेल म्हणून लिहितोय. समोर भिंतीवर चित्र टांगलंय, त्यातली शेपूट कागदाबाहेर गेलेली. तेवढंच बघायची मुभा.

बराच वेळ काही नाही. बाहेर रहीमभाईंच्या बेकरीत कुणीतरी पत्रे आपटतंय.

उठला. टक, टक. येतोय.

थांबला. कुठं थांबला कळत नाही, ताटं शेजारीशेजारी आहेत.

इंदू, तुला दिसत असेल तर सांगू नकोस.

भाकरी मोडल्याचा आवाज आला. मान वर करून गिळल्याचा. पुन्हा मोडल्याचा.

म्हसू हळूच म्हणाला, ‘दाजी, फिरायचं का आता?’

म्हटलं, थांब. एवढी ओळ पुरी करतो.